वसुलीवाल्यांचा फोन आला तर
(अकरावी-बारावी वाणिज्यचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी)

वाणिज्यच्या पुस्तकात 'धनको' आणि 'ऋणको' हे शब्द येतात. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत दोन गुण मिळवतात. पण घरच्या फोनवर "कार्डाचे अठरा हजार बाकी आहेत, संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर पोलीस येतील" असा दरडावणीचा आवाज आला, की यात ऋणको नक्की कोण, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. यंदा फी उशिरा भरण्याची मुभा मागताना काही पालकांनी हेच कारण सांगितले. त्यातल्या एकांनी तर ज्या कार्डाचे पाकीटही फोडले नव्हते, त्याच्या वसुलीसाठी मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे.

देणे खरे असेल आणि तंगीमुळे राहिले असेल, तर बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्यावेत. तो विषय निराळा. इथे प्रश्न आहे तो न मागितलेल्या कार्डाचा, न केलेल्या खरेदीचा किंवा बंद करूनही चालू राहिलेल्या वार्षिक शुल्काचा.

अशा फोनला उत्तर देताना दोनच वाक्ये बोलावीत: "हे देणे मला मान्य नाही. जे काय असेल ते लेखी पाठवा." मग बोलणाऱ्याचे नाव, वसुली संस्थेचे नाव, तारीख आणि वेळ वहीत टिपून फोन ठेवावा. "बघतो, जमेल तसे देतो" असे शब्द तोंडून जाऊ देऊ नयेत.

"निदान पाचशे तरी भरा, मग आम्ही त्रास देणार नाही" ही त्यांची आवडती युक्ती आहे. पालक विचार करतात, पाचशेने कटकट मिटते आहे तर मिटू दे. पण १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणे लेखी कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद झाली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणजे पाचशे रुपये देऊन आपण समोरच्याला तीन वर्षे विकत घेऊन देतो! 'सेटलमेंट'चेही तसेच. मुळात जे देणेच नाही, त्यात तडजोड कसली?

खरे भांडण एजंटाशी नसून बँकेशी आहे. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवावे, तक्रार क्रमांक मागून घ्यावा. पत्रात लांबण नको. कोणती रक्कम मान्य नाही, का नाही, आणि अर्जाची व व्यवहाराची कागदपत्रे दाखवा, एवढे पुरे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत बिलाच्या तक्रारीवर ३० दिवसांत खुलासा, आणि लागू असेल तिथे पुरावा, द्यायला सांगितले आहे. न मागता कार्ड देऊन संमतीशिवाय बिल लावले, तर ते रद्द करून वर दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी, असेही त्यात आहे. तक्रार प्रलंबित असेपर्यंत प्रकरण वसुली एजंटाकडे देऊ नये, हे तर २००८ च्या परिपत्रकातच सांगून झाले होते. (उगाच वारंवार खोट्या तक्रारी करणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.)

आता मुलांसाठी एक गणित. वार्षिक शुल्क ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. दरमहा साडेतीन टक्के व्याज चक्रवाढीने लावले तर वर्षाला ते ४२ टक्के न होता ५१ टक्क्यांच्या वर जाते, आणि तीन वर्षांत ५९० चे दोन हजार पस्तीस होतात. यात महिन्या-महिन्याचे विलंबशुल्क मिळवून पाहा, अठरा हजारांचे कोडे उलगडेल. म्हणूनच न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, असा नियम ऑक्टोबर २०२२ पासून आला. बिल हाती आले की पहिल्यांदा हेच तपासावे.

आमचे बी.कॉम. हिंदी माध्यमातले, त्यामुळे वसुलीला आमच्या तोंडी पटकन 'उगाही' येते, आणि काही एजंटांची रीत पाहता तोच शब्द बरोबर वाटतो. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास हेही वर्ज्य. तरी आमच्या कार्यालयात एका पालकाची चौकशी करणारा असा फोन आला होता. आमच्या बाबूंनी कोणतीही माहिती न देता नंबर टिपून घेतला, आणि ती नोंद पुढे त्या पालकाच्या तक्रारीला जोडता आली. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. नसेल तर घरात घेऊ नये.

पोलिसांची भीती घालतात तीही पोकळ. कार्डाची बाकी हा दिवाणी मामला आहे, नुसत्या बाकीसाठी अटक होत नाही. उलट धमकावणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. मात्र बँकेला दिलेला चेक न वटल्यास त्याचा कायदा वेगळा, तिथे गाफील राहू नये. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये आणि ती फाडूही नये. कागद घेऊन जावे, देणे मान्य नसल्याचे सांगावे. तिथला निवाडा दोघांच्या संमतीनेच होतो. न्यायालयाचे समन्स आले तर मात्र त्याच दिवशी वकील गाठावा. मुलाच्या कार्डाचे देणे, जामीन राहिल्याखेरीज, आईवडिलांवर येत नाही, हेही आजी-आजोबांच्या कानावर घालावे. फोन बहुतेक तेच उचलतात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. शुल्क लागत नाही. २०२१ साली एकात्मिक योजना आली तेव्हापासून लेखी तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाते, म्हणजे मराठीतही. निकाल आपल्या बाजूने लागला की बँकेकडून 'बाकी नाही' असे पत्र घ्यावे आणि महिन्याभराने आपला क्रेडिट अहवाल मागवून पाहावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. त्यात थकबाकी अजून दिसत असेल, तर त्या पत्राची प्रत जोडून दुरुस्ती मागावी.