दप्तर राखावे, ते सापडावे म्हणून

देवणीचा पशुपालक कळपातील जनावर दुरून पाहूनच त्याचा प्रकार सांगतो. चेहऱ्याच्या बाजूंना काळी छटा असेल तर वानेरा, अंग पांढरेशुभ्र असेल तर बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असतील तर शेवरा. एक जनावर एकाच प्रकारात मोडते. कागदाचे मात्र तसे नाही. शाळेसाठी गायरान मागणारा ग्रामसभेचा ठराव 'शाळा', 'गायरान' आणि 'ग्रामसभा' या तिन्ही विषयांत बसतो. तो एका कपाटात ठेवला, की उरलेल्या दोन ठिकाणी शोधणाऱ्याला तो नाहीसाच असतो.

संगणकाने ही अडचण दूर केली नाही, उलट वाढविली. आज एखाद्या मुख्याध्यापकाच्या किंवा पंचायत सदस्याच्या संगणकात शासन निर्णय, ठराव, उतारे व छायाचित्रे मिळून हजारो फायली सहज साठतात. त्यांपैकी निम्म्यांची नावे 'स्कॅन १', 'स्कॅन २' अशी असतात. कागद जतन होतो, पण वेळेवर हाती लागत नाही.

जुनी शिस्त

वर्गीकरणाची परंपरा आपल्या प्रशासनास नवी नाही. सहा गठ्ठा पद्धतीत कार्यालयातील कागदांची विभागणी प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे अशी होते. अभिलेखाचे 'अ', 'ब', 'क' व 'ड' हे वर्ग कोणता कागद किती काळ ठेवावयाचा ते ठरवितात. 'अ' वर्ग कायमचा असतो. अहमदनगरचे जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन रचनेत ज्या सुधारणा केल्या, त्यांतही अभिलेखाची सुव्यवस्था महत्त्वाची होती. खासगी संग्रहासही हाच पहिला नियम लागू पडतो : जे टाकावयाचे ते आधी टाकावे, मगच उरलेल्याची सूची करावी.

गाव तेच, पत्ता निराळा

देवणीचा जुना कागद शोधणाऱ्यास आणखी एक अडचण येते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, त्यानंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये देवणी हा स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे एकाच शेताचे कागद बिदर, उस्मानाबाद व लातूर अशा तीन नावांखाली असू शकतात. जुन्या कागदांवर फसली सन आढळतो. त्यात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन निघतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. सूचीत मूळ नाव व मूळ सन ठेवावा आणि शेजारी आजचे नाव व इसवी सन लिहावा. एवढे केले, तर नातवाला आजोबांचा कागद सापडेल.

संगणक सूची कशी करतो

ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते. शोध-आज्ञावली तेच काम करते : सर्व फायली एकदा वाचून कोणता शब्द कोणत्या फायलीत आहे, याची नोंद ठेवते. त्यामुळे एकच ठराव 'शाळा' म्हणून सापडतो आणि 'गायरान' म्हणूनही. 'एव्हरीथिंग' ही आज्ञावली मुख्यत्वे फायलींची नावे अत्यंत वेगाने शोधते. 'रिकॉल' व 'डॉकफेचर' या मुक्त स्रोत आज्ञावली फायलींच्या आतील मजकूरही शोधतात.

मराठी मजकुरासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. 'टेसरॅक्ट' ही मुक्त आज्ञावली छापील मराठी अक्षरे ओळखून त्या चित्राचा मजकूर करते. हस्तलिखित मोडी किंवा उर्दू कागदाचा सारांश मात्र जाणकाराकडून वाचवून हातानेच लिहावा लागतो. दुसरी, जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी आत निराळीच चिन्हे असतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज शोधात येत नाही. तिसरी, 'शाळा' असा शोध घेतल्यास 'शाळेचा' हा शब्द निसटू शकतो. म्हणून 'शाळ' एवढेच लिहून पुढे तारकाचिन्ह द्यावे.

प्रारंभ कसा करावा

आज्ञावली निवडण्यापूर्वी नावांची शिस्त लावावी. आधी वर्ष, मग महिना व दिवस, त्यानंतर गाव आणि विषय. उदाहरणार्थ, '२०२३-०८-१५ देवणी ग्रामसभा ठराव'. अशी नावे आपोआप कालक्रमाने लागतात. शासन निर्णयांच्या संगणक सांकेतांकाचे आरंभीचे अंकही याच क्रमाने असतात. मोजके मुख्य कप्पे करावेत. कप्प्यात कप्पे वाढवू नयेत. संग्रहाची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. इतरांची आधार वा जातीची कागदपत्रे सामाईक संगणकावर उघडी राहू देऊ नयेत.

शेवटी परीक्षा घ्यावी. दहा कागदांची नावे सहकाऱ्यास सांगून ते शोधण्यास लावावे. आपल्याला सापडले, हे पुरेसे नाही. बदली किंवा निवृत्तीनंतर शोधणारा दुसराच असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध ठेवावयाचे आहेत, आणि मागितलेली माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावयाची आहे. शाळेच्या जुन्या नोंदवहीतील एका ओळीवर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश, तर फेरफाराच्या एका नोंदीवर एखाद्या विधवेची जमीन अवलंबून असते. 'कागद आढळून येत नाही' या एका वाक्याने त्यांचा हक्क बुडतो. कपाट असो वा संगणक, दप्तराची खरी किंमत ते सापडण्यातच आहे.