घरासाठी बोलणे हीही सेवा



नाताळात आपण गव्हाणीपुढे गुडघे टेकतो. बेथलेहेमात पवित्र कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. आपल्या नाशिकमध्ये भाड्याच्या एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबाचे काय?

त्यांच्यासाठी नियम आहे. राज्य शासनाच्या २०१३ च्या अधिसूचनेने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर, वा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवणे बंधनकारक केले. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून द्यायची असतात. नाशिकमध्ये ती म्हाडाकडे आलीच नाहीत, अशी तक्रार झाली आणि २०२२ मध्ये विधान परिषदेत त्यावर चर्चा झाली. कोणीतरी विचारले, म्हणूनच प्रश्न सभागृहात पोहोचला.

यातून आपण काय शिकावे? गरजूला भाड्यासाठी हातभार लावणे हे दान. त्याच्या वाट्याचे घर त्याला मिळावे म्हणून बोलणे हा न्याय. एकामुळे दुसऱ्यातून सुटका होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये माणसासारखे जगण्यास आवश्यक गोष्टींत अन्नवस्त्राबरोबर निवाराही मोजला आहे.

कायदा करणे आमदारांचे काम. तो पाळला जातो का, हे विचारणे आपले. पक्ष न पाहता आपण आपल्या आमदारांना पत्र लिहू या: आपल्या भागातील मोठ्या प्रकल्पांतून किती घरे म्हाडाला मिळाली?

मननासाठी: शेजाऱ्याच्या घरासाठी आपण शेवटचे कधी बोललो?