टोपी-मफलरची जोडी: वेणी जुळली तर जोडी विकली

ताईंनो, डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावात पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा टोपी-मफलर लागतातच. पण जोडी जुळली नाही तर गिऱ्हाईक एकच वस्तू उचलतं, दुसरी गटाकडे पडून राहते.

लोकर: जोडीची सगळी लोकर एकदाच घ्या. लेबलवरचा लॉट नंबर सारखाच हवा, नाहीतर छटा बदलते.

वेणी: ६ टाके सुलट, दोन्ही बाजूंना २-२ उलट. दर ६ ओळींनी, सुलट बाजूने, ३ टाके जास्तीच्या सुईवर घेऊन पुढे ठेवा. पुढचे ३ विणा, मग सुईवरचे ३ विणा. बाकी ओळींत टाका दिसेल तसा विणा.

माप: पीळ दिला की वीण आवळते. म्हणून आधी ३४ टाक्यांवर ४ वेण्यांचा मफलर सुरू करा आणि वीतभर झाला की मोजा. एक वेणी आणि २ उलट टाके मिळून ४ सेंमी भरले, तर ४८ सेंमीच्या टोपीला १२ वेण्या लागतील. म्हणजे १२ × ८ = ९६, अधिक शिवणीचे २, एकूण ९८ टाके. टोपी डोक्याच्या घेरापेक्षा ५ सेंमी कमी धरा, ती ताणते.

आणि जोडी एकाच ताईने, त्याच सुयांवर विणायची. हात बदलला की वीण सैल-घट्ट होते.