आंब्याची भिरूड

मुळशीच्या डोंगराला पाऊस मोप. भातखाचरांच्या बांधावर जुने रायवळ आंबे उभे आहेत. कुणाच्या आजाने लावलेले, कुणाच्या पणज्याने. त्यांना पाणी घालावे लागत नाही, खत घालावे लागत नाही. तरी पोरांना आंबे मिळतात, घरात लोणचे होते, वर चार पैसेही हाती येतात.

असा आंबा कधी कधी वाळू लागतो. आधी एका फांदीची पाने पिवळी पडतात. ती फांदी वाळते. मग दुसरी. "झाडाला कुणाची नजर लागली गं बाई," म्हातारी म्हणते. "वय झालं त्याचं, आत्याबाई," शेजारी म्हणतो. मग लाकडाचा व्यापारी येतो आणि झाड मातीमोलाने जाते.

नजरेने झाड मरत नाही. बुंध्याशी जा आणि वाकून पाहा. खाली भुसा पडला आहे काय? सुताराच्या करवतीखाली पडतो तसा, पण जरा जाड. सालीला भोक आहे काय? त्यातून रस पाझरतो काय? असे असेल, तर आत भिरूड आहे.

भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. ती एका मोठ्या भुंगेऱ्याचे पिल्लू. भुंगेरा करड्या रंगाचा, दीड-दोन इंच लांब. मिशा अंगाहून लांब. मानेजवळ दोन पिवळसर-तांबूस ठिपके. पावसाळ्यात तो झाडातून बाहेर पडतो. मादी साल कुरतडते आणि त्या खाचेत एक अंडे घालते. मग दुसरी खाच, दुसरे अंडे. कुऱ्हाडीने घाव घातलेले किंवा अशक्त झालेले झाड तिला फार आवडते. म्हणून उगाच येता-जाता बुंध्यावर कोयता मारू नये. ही खोड आपल्याकडे पुष्कळांना आहे!

आठ-दहा दिवसांनी अंड्यातून अळी निघते. रंग पांढुरका, डोके काळपट, पाय नाहीत. पण जबडा असा, की लाकूड खाऊन ती बोटाएवढी लांब होते. झाडाची मुळे पाणी ओढतात, ते लाकडातून वर चढते. पाने अन्न तयार करतात, ते सालीतून खाली उतरते. अळी आधी सालीखाली खाते, मग लाकडात शिरते. म्हणजे दोन्ही वाटा तोडते. वरची फांदी उपाशी मरते. आतच अळीचा कोष होतो, कोषाचा भुंगेरा होतो. या साऱ्याला सुमारे एक वर्ष लागते.

हाच भुंगेरा अंजिरालाही लागतो. पुरंदरचे अंजीरवाले त्याला चांगले ओळखतात.

राजस्थानच्या वाळवंटात खेजडीचे झाड असते. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतात ती. तिचा पाला जनावरे खातात, शेंगांची भाजी माणसे खातात. तिच्या मुळांत अशीच एका भुंगेऱ्याची अळी शिरते. तिकडे पुष्कळ झाडे वाळली, त्याला हे एक कारण. ती अळी जमिनीखाली असते, म्हणून झाड वाळेपर्यंत कळत नाही. आपल्या आंब्याचे तसे नाही. त्याची भिरूड भुसा बाहेर ढकलते आणि आपला पत्ता आपणच सांगते.

भुसा ताजा असेल, तर अळी जिवंत आहे. भोक चाकूने साफ करा. सायकलच्या चाकाची तार घ्या, टोकाला आकडा करा, आत घालून फिरवा. अळी ओढून काढा, नाही तर आतच टोचून मारा. हाती लागली नाही, तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून भोकात कोंबा आणि वर चिखल लिंपा. त्या वेळी तोंडात विडी नको! चार दिवसांनी पुन्हा पाहा. नवा भुसा दिसला, तर पुन्हा तेच करा. भोके फार असतील, तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला झाड दाखवा.

पार वाळलेली फांदी मात्र तोडावी. ती परसात रचून ठेवू नये, कारण आतली अळी तोडल्यावरही जगते. हे सरपण पावसाळ्याच्या आधीच चुलीत घालावे, म्हणजे भुंगेरा बाहेर पडणार नाही.