लहान शाळांचे विलीनीकरण : ग्रामस्थांच्या हरकती व शिक्षकाचे काम

अल्प पटसंख्येच्या प्राथमिक शाळा बंद करून त्यांतील मुले नजीकच्या मोठ्या शाळेत दाखल करावीत, हा विचार आजचा नव्हे. १९२९ साली हार्टोग समितीने आपल्या अहवालात एकशिक्षकी शाळांविषयी नापसंती दर्शवून, प्रसारापेक्षा दृढीकरणावर भर द्यावा अशी शिफारस केली होती. शाळा थोड्या असाव्यात पण चांगल्या असाव्यात, असा त्या शिफारशीचा आशय होता. तिला महाराष्ट्रातूनच सबळ उत्तर मिळाले. रा. वि. परुळेकर यांनी साक्षरतेच्या आकड्यांचा बारकाईने अभ्यास करून, ज्या देशात बहुसंख्य मुलांपर्यंत शाळाच पोहोचलेली नाही तेथे प्रसार रोखून गुणवत्ता साधता येणार नाही, अशी भूमिका मांडली. हा वाद मिटला असे कोणी समजू नये. शासनाची पत्रे आणि ग्रामसभांचे ठराव यांमधून तो आजही चालू आहे. फरक एवढाच की पूर्वी शाळा उघडावी की नाही असा प्रश्न होता, आता उघडलेली शाळा ठेवावी की नाही असा आहे.

मधल्या काळात शाळा वाडीवस्तीपर्यंत गेली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. पुढे २००० नंतरच्या दशकात वस्तीशाळा निघाल्या व त्यांतील बऱ्याच नियमित प्राथमिक शाळा झाल्या. धनगरवाडा, तांडा, पाडा, कोकणातील डोंगरउतारावरच्या वाड्या अशा ठिकाणी दहा-पंधरा मुलांची शाळा ही अपघाताने निर्माण झालेली नाही. मुले तेथे राहतात म्हणून शाळा तेथे गेली, ही साधी गोष्ट विलीनीकरणाच्या चर्चेत अनेकदा विसरली जाते.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा नजीकच्या शाळांत समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, त्या वेळी अशा शाळांची संख्या १४,७८३ व त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या १,८५,४६७ असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे एका शाळेस सरासरी बारा-तेरा मुले. पानशेत व तोरणमाळ येथील समूह शाळांचे उदाहरण त्या वेळी पुढे ठेवण्यात आले. एवढ्या मोठ्या संख्येच्या शाळांविषयी एकच नियम लावता येईल काय, हा प्रश्न त्याच वेळी उपस्थित झाला आणि तो योग्यच होता.

विलीनीकरणाच्या बाजूचे म्हणणे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. ते केवळ खर्चाचे नाही. पाच इयत्ता, सात मुले आणि एक शिक्षक अशी शाळा ज्याने चालविली आहे त्याला तिच्या उणिवा कोणी सांगावयास नकोत. शिक्षक सभेला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की शाळेला कुलूप लागते. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीने वाचावयास, भांडावयास व चुका काढावयास कोणी नसते. खो-खोचा संघ होत नाही, समूहगीत होत नाही. बहुवर्ग अध्यापन कुशलतेने केल्यास लहान मुले मोठ्यांपासून पुष्कळ शिकतात हे खरे. परंतु ते कुशलतेने केले तर. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावयास हवेत. जेथे दुसरे पद रिक्त राहते तेथे शाळा कायद्याच्या दृष्टीनेही अपुरीच असते. मात्र येथे एक उलट प्रश्न ग्रामस्थ विचारतात व तो टाळता येण्याजोगा नाही : शिक्षक दिला नाही म्हणून मुले गेली, की मुले गेली म्हणून शिक्षक दिला नाही? ज्या शाळेचे दुसरे पद वर्षानुवर्षे रिक्त होते तिच्या घटलेल्या पटाकडे बोट दाखविण्यापूर्वी हजेरीपट व पदांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता हरकतींकडे वळू. पहिली व सर्वांत स्पष्ट हरकत अंतराची. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. त्याच नियमांत, पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले उपलब्ध असावीत असेही म्हटले आहे. ही वीस मुलांची अट शाळा स्थापन करण्याच्या संदर्भात आहे. चालू शाळेचा पट वीसच्या खाली गेला म्हणून ती बंद करावी, असा तिचा अर्थ होत नाही. ग्रामसभेत हा मुद्दा एखादा तरुण हमखास उपस्थित करतो, आणि शिक्षकाला नियम ठाऊक नसला तर तो निरुत्तर होतो.

परंतु किलोमीटर हे माप मोटारीचे आहे. सहा वर्षांच्या मुलाचे माप निराळे. नकाशावर पाऊण किलोमीटर दिसणारी वाट आषाढात वहाळाला पाणी आले की तीन किलोमीटरची होते, कारण साकवापर्यंत वळसा घालावा लागतो. उन्हाळ्यात जी पायवाट सुखाची ती भातलावणीत चिखलाची व सापांची. हिवाळ्यात डोंगराआड सूर्य लवकर मावळतो. म्हणून अंतराचा दाखला देताना तो कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने व कोणाच्या पावलांनी मोजला, हे लिहिले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात खिरखंडी येथील मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवीत कोयनेचा जलाशय ओलांडतात, ही गोष्ट वृत्तपत्रांत आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. तो प्रसंग विलीनीकरणाचा नव्हता. परंतु कागदावरचे अंतर आणि मुलाच्या पायांखालचे अंतर यांत किती तफावत असू शकते, हे त्यावरून कळते.

वाहनाची सोय करू, असे सांगितले की ही हरकत संपते असा समज आहे. नियमांत तशी तरतूद आहेही. ग्रामस्थांचा आक्षेप तरतुदीवर नसतो, ती किती दिवस टिकेल यावर असतो. पहिल्या वर्षी गाडी येते. देयक थकले की चालक येईनासा होतो. मग बापाने मजुरी बुडवून मुलाला पोहोचवावे किंवा मुलाने घरी राहावे, एवढेच उरते. मुलींच्या बाबतीत तर गाडी एकदा चुकली की पुढच्या आठवड्यापासून शाळाच चुकते. धाकट्या भावंडाला शेजारच्या अंगणवाडीत सोडून स्वतः शाळेत येणारी मुलगी प्रत्येक वाडीत असते. शाळा दूर गेली की तिला दोहोंपैकी एक निवडावे लागते, आणि निवड ती करीत नाही.

दुसरी हरकत कमी बोलली जाते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पाड्यावरची किंवा तांड्यावरची मुले मूळ गावाच्या शाळेत जातात तेव्हा ती केवळ दुसऱ्या इमारतीत जात नाहीत. ज्या गावाशी त्यांच्या वडीलधाऱ्यांचे संबंध सालदारीचे, मजुरीचे, कधी अपमानाचे राहिले आहेत त्या गावात जातात. वाडीच्या शाळेत जी मुलगी वर्गाची पुढारी होती ती तेथे मागच्या ओळीत बसते. घरी पावरी, कोरकू, गोरमाटी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला वाडीचे गुरुजी निदान समजून घेत. नव्या वर्गात त्याच्या बोलीवर हसणारे चाळीस जण असतात. ग्रामसभेत ही गोष्ट कोणी मांडत नाही, कारण ज्यांच्याविषयी ती मांडावयाची ते समोर बसलेले असतात. मग तेच पालक रस्त्याचे, पावसाचे, ओढ्याचे कारण सांगतात. रस्ता झाला, साकव झाला तरी मुले जात नाहीत, तेव्हा अधिकारी म्हणतात की ह्या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे व अन्यायाचाही आहे. विरोध कशाचा होता हे विचारण्याची जागाच चुकली होती.

तिसऱ्या प्रकारच्या हरकतींना भावनिक म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. शाळेची जागा कोणी तरी बक्षीसपत्र करून दिलेली असते. दगड, माती श्रमदानाने वाहिलेली असते. लहान वाडीत शासनाची म्हणून एकच इमारत असते व ती शाळा. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचा ध्वज तेथेच चढतो, लसीकरणाची शिबिरे तेथेच भरतात, मतदानाची पेटी तेथेच येते. पोषण आहार शिजविणारी बाई बहुधा त्याच वाडीतली, अनेकदा विधवा किंवा परित्यक्ता. तिचे मानधन तुटपुंजे खरे, परंतु ते थांबले तर तिचे घर थांबते. शाळा गेली की उद्या रास्त भावाचे दुकान जाईल, परवा वाडीच उठेल, असे लोक म्हणतात. ह्यात अतिशयोक्ती असेल. परंतु धरणासाठी, रस्त्यासाठी एकदा उठलेल्या वस्तीला ती अतिशयोक्ती वाटत नाही. २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेच्या दारी गेली आणि दप्तरे परत घ्या, आम्हांला शेळ्या द्या, अशी मागणी त्यांनी केली. शाळा गेल्यावर मुलांच्या वाट्याला काय येते, हे त्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

तथापि प्रत्येक हरकत सारख्याच वजनाची असते असेही नाही. एकाच गावठाणात पूर्वीची मुलांची शाळा व कन्याशाळा हाकेच्या अंतरावर असतील तर त्या एकत्र करण्यास शैक्षणिक कारणाने विरोध करता येणार नाही. तेथे विरोध बहुधा मुख्याध्यापकपदाचा किंवा गटातटाचा असतो. जेथे पाटीवर शाळा आहे पण पटावर मूल नाही, तेथेही चर्चा व्यर्थ आहे. आणि आणखी एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शाळा वाचवा म्हणून ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची मुले सकाळी पिवळ्या गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेलेली असतात. त्यांच्या सहीने गरिबाच्या मुलाचा हक्क कमी होत नाही हे खरे. परंतु अशा पालकांशी शिक्षकाने एकदा मोकळेपणाने बोलावे. चार मुले परत आली तर पटाचा प्रश्नच बदलतो, आणि शिकविणे पाहून मुले परत आल्याची उदाहरणे ह्याच राज्यात आहेत.

शिक्षकाची स्वतःची स्थिती ह्या प्रकरणात नाजूक असते. शाळा बंद झाली तर तो अतिरिक्त ठरतो, म्हणून काही जण लोकांना पुढे करून विरोध उभा करतात. उलट, दुर्गम वाडीतून सुटका होऊन रस्त्यालगतची शाळा मिळेल म्हणून काही जण मूक संमती देतात. दोन्ही वर्तने लोकांच्या नजरेतून सुटत नाहीत. शिक्षकाचे मत विचारले तर त्याने ते द्यावे, परंतु मुलांविषयी द्यावे. बदलीविषयीचे म्हणणे स्वतंत्र अर्जाने करावे.

माहिती मागविली जाते तेव्हा ती बहुधा दोन रकान्यांची असते : पट आणि अंतर. तेवढेच भरून पाठविणे सोपे आहे. परंतु ज्या कागदावरून वाडीच्या पाच वर्षांच्या मुलांचे भवितव्य ठरावयाचे तो कागद त्याच्या हातून जातो, हे ध्यानात घेऊन त्यासोबत एक पुरवणी जोडावी. तीत प्रत्येक मुलाचे नाव, वय, घर ते प्रस्तावित शाळा ही वाट पावसाळ्यात कशी असते, घरी बोलली जाणारी बोली, आणि सोबत जाणारे कोणी मोठे आहे किंवा कसे, हे लिहावे. वाट एकदा तरी मुलांसोबत चालून पाहावी. घड्याळ लावून पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. तिची सभा सकाळी अकराला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भरविली तर मजुरीला गेलेल्या आया येणार नाहीत आणि आल्या तर बोलणार नाहीत. ती सायंकाळी, वाडीतच, शाळेच्या ओट्यावर घ्यावी. इतिवृत्तात हरकत बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहावी. पालकांचा विरोध आहे ह्या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. ओढ्यापलीकडे गुरांचा गोठा आहे व तिथली कुत्री सोडलेली असतात, ह्या वाक्याने कळते, आणि त्यावर काही करताही येते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासंकुलाची जी कल्पना मांडली तिच्यात माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी साधने व अनुभव वाटून घ्यावेत असे अभिप्रेत होते. छोटी शाळा उठविणे हा तिचा हेतू नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान शाळांचे एकाकीपण दूर करण्यासाठी हाच मार्ग पुढे ठेवला आहे. ह्या कल्पनेचा थोडाफार उपयोग केंद्रातील शिक्षकांना कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता करता येईल. आठवड्यातून एक दिवस तीन वाड्यांची मुले एका शाळेत जमवून खेळ, गाणी व प्रयोग घ्यावेत; पुस्तकांची पेटी फिरती ठेवावी; एक शिक्षक रजेवर असता दुसऱ्याने त्याची शाळा उघडावी. अशा एकत्र दिवसांनी पालकांची भीती किती खरी होती हेही समजून येते. पुढे विलीनीकरण झालेच, तर मुले परक्यांत जात नाहीत.

आणि ते झाल्यावर काम संपत नाही. शाळा सोडल्याचे दाखले गठ्ठ्याने दुसऱ्या मुख्याध्यापकाच्या स्वाधीन केले की सर्व मुले पटावर दिसतात. वर्गात दिसतीलच असे नाही. म्हणून पूर्वीच्या शाळेच्या शिक्षकाने मुलांची यादी स्वतःजवळ ठेवावी, पहिल्या सत्रात दर पंधरवड्यास नव्या शाळेच्या हजेरीशी ती ताडून पाहावी, सलग आठ दिवस न आलेल्या मुलाच्या घरी त्याच सायंकाळी जावे, आणि कारण वाटेचे आहे, वाहनाचे आहे की वर्गातील वागणुकीचे, ते केंद्रप्रमुखांस लेखी कळवावे.