पालक की लसूणघास?

प्रश्न : शेवगा, पालक सुकवून प्रथिनांची पूड करायची आहे. पान जितकं हिरवं, तितकी प्रथिनं जास्त ना? – एक गृहिणी, पनवेल

उत्तर : ताई, रंगावरून प्रथिनं ठरत नाहीत आणि नुसती सुकी पूड म्हणजे प्रथिनांचा अर्कही नव्हे. त्यासाठी ताज्या पानांचा रस काढून तापवतात. प्रथिनं दुधासारखी फाटून येतात, ती गाळून वाळवतात. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. एन. जोशींनी यावर मोठं काम केलं. असा अर्क काढायला लसूणघास हे चाऱ्याचं पीक उत्तम. पण पनवेलच्या पावसात, साचल्या पाण्यात त्याची मुळं कुजतात. तिथे चवळी बरी. पालकात पाणीच फार, शिवाय ऑक्झलेट. मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारा. सुबाभूळ मात्र नकोच, त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. घरापुरतं म्हणाल, तर शेवग्याची भाजी आणि डाळ पुरेशी आहे.