मंदीत घराची वही उघडा

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकांना मंदी नवी नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० व १००० च्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीने दिली जाणारी मजुरी अडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर मागच बंद पडले.

अशा वेळी चार मागांचा मालक अनेकदा घरात काहीच सांगत नाही, असे आम्ही पाहतो. व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, सुताची उधारी, वीजबिल, सारे मनात ठेवतो. घरखर्च पूर्वीसारखाच चालतो आणि तो भागविण्यासाठी व्याजाने कर्ज काढले जाते. मंदी जाते, व्याज मागे राहते.

म्हणून बंधूंनो, आपण तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, जुम्याच्या दिवशी घरातील सर्वांना बसवून येणे-देणे वहीत मांडावे. कांडी भरणारी पत्नीही या धंद्यात राबते. तिला खरा आकडा कळलाच पाहिजे.

दुसरी, कारखान्याचा पैसा व घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवावा. सुताचे पैसे लग्नात गेले, तर पुढचे बीम कशाने आणणार?

तिसरी, मुदत टळण्यापूर्वीच सावकाराकडे नव्हे, तर ज्याचे देणे आहे त्याच्याकडे जावे, सवड मागावी आणि नवी तारीख लिहून घ्यावी.

सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये उधारीचा व्यवहार लिहिण्याचा, तर आयत २८० मध्ये अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याचा आदेश आहे. जी सवड आपण मागतो, तीच आपल्या मागावरील कारागिराला त्याच्या उचलीसाठी द्यावी. त्याच्याही घरी मंदीच आहे.